रोमन सम्राटांची तांब्याची नाणी

इ. स. १९०० साली फ्रान्सच्या पश्चिम भागात, नान्त शहराजवळ, तिसऱ्या शतकातील रोमन नाण्यांचा एक ठेवा सापडला. नाणी हलक्या धातूची होती. चांदी नावापुरती, बाकी सारे तांबे. अशी नाणी युरोपात शेतोशेती सापडतात आणि त्यांचे कोणाला फारसे कौतुक नसते. परंतु या ठेव्यातील एका नाण्याने अभ्यासकांना कोड्यात टाकले. त्यावर किरणांचा मुकुट घातलेल्या एका दाढीवाल्या पुरुषाचे मुख होते आणि भोवती लेख होता : 'सम्राट कैसर दोमितियानुस, धर्मशील, भाग्यवान, औगुस्तुस'. दोमितियानुस, म्हणजेच ज्याला इंग्रजी इतिहासात डोमिशियन म्हणतात तो सम्राट, सर्वांच्या परिचयाचा होता; पण त्याचा वध इ. स. ९६ मध्ये झाला होता. हे नाणे त्याच्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी पाडलेले दिसत होते. मग हा दुसरा दोमितियानुस कोण? प्राचीन ग्रंथांत त्या नावाच्या एका बंडखोराचा ओझरता उल्लेख येतो. परंतु तो सम्राट झाला आणि त्याने स्वतःच्या नावाची नाणी पाडली, असे कोणीच लिहून ठेवलेले नव्हते. एका नाण्याच्या साक्षीवर एक नवा सम्राट इतिहासात दाखल करून घ्यावा, की नाणेच बनावट ठरवून मोकळे व्हावे? पुष्कळांनी दुसरा मार्ग पत्करला. नाण्यावर संशयाचा शिक्का बसला आणि त्याबरोबर तो सम्राटही संशयित ठरला.

या खटल्याचा निकाल लागण्यास शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. तो निकाल काय लागला हे समजून घेण्यापूर्वी, असे नाणे ओळखतात कसे, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण नाणे ओळखणे म्हणजे केवळ त्याला नाव देणे नव्हे. ते कोणी पाडले, केव्हा पाडले, कोठे पाडले, कोणत्या किमतीला पाडले आणि ते खरे आहे की खोटे, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे नाण्याची ओळख पटली असे म्हणता येते.

सोन्याच्या नाण्याच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे असते. सोने गंजत नाही, आणि मोलाचे नाणे लोक जपून ठेवतात. तांब्याच्या नाण्याचे नशीब वेगळे. ते भाजीच्या बाजारात, स्नानगृहाच्या दारात, शिपायाच्या कनवटीला आणि दारूच्या गुत्त्यात फिरते. हजारो हातांनी ते झिजते, आणि शेवटी जमिनीत पडले म्हणजे माती व पाणी त्याचा उरलासुरला चेहरा खाऊन टाकतात. पण याच कारणामुळे सामान्य माणसाच्या व्यवहाराची खरी साक्ष त्याच्याजवळ असते. राजाची श्रीमंती सोन्यावरून कळते. राज्याची प्रकृती मात्र तांब्यावरून कळते.

नाणे हाती आले म्हणजे वाचण्याची घाई करू नये. प्रथम ते मोजावे आणि तोलावे. सराफ कसोटीचा दगड काढण्यापूर्वी दागिना तळहातावर तोलून पाहतो, तसेच हे आहे. इ. स. पूर्व २३ च्या सुमारास औगुस्तुस या पहिल्या सम्राटाने नाणेपद्धतीची नवी घडी बसवली. त्या घडीत मोठे नाणे सेस्टर्शियस. ते पितळेचे, वजनाने सुमारे २५ ग्रॅम आणि रुंदीला साधारण ३३ ते ३५ मिलिमीटर. त्याच्या निम्म्या किमतीचे नाणे दुपोंदियुस, तेही पितळेचे. त्याच्याही निम्म्या किमतीचे नाणे अस. ते मात्र निव्वळ तांब्याचे. चार अस म्हणजे एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक दिनारियस आणि पंचवीस दिनारियस म्हणजे सोन्याचा एक औरियस, असा हा हिशेब होता.

दुपोंदियुस आणि अस यांच्या आकारात फारसा फरक नाही. नवी असताना एक पिवळे आणि दुसरे तांबूस दिसत असे, त्यामुळे रोमच्या बाजारातील म्हातारीलाही ती चटकन ओळखता येत. दोन हजार वर्षे जमिनीत राहिल्यावर मात्र पितळ आणि तांबे दोन्ही सारखीच हिरवी-काळी होतात. अशा वेळी डोक्यावरील मुकुट साहाय्याला येतो. नीरो सम्राटाच्या काळापासून दुपोंदियुसवर सम्राटाच्या मस्तकी सूर्याच्या किरणांसारखा टोकेरी मुकुट घालण्याची प्रथा सुरू झाली, तर असवर साधी पर्णमाला राहिली. पुढे ही खूण चांगलीच रुजली आणि किरणमुकुट म्हणजे दुप्पट किंमत, असा संकेतच ठरून गेला. इ. स. २१५ मध्ये काराकाल्ला सम्राटाने चांदीचे एक नवे नाणे काढले. अभ्यासक त्याला अंतोनिनियानुस म्हणतात. त्याच्यावरही किरणमुकुट होता, आणि ते दोन दिनारियसांचे नाणे असावे असे बहुतेक तज्ज्ञ त्यावरूनच मानतात. अशाच नाण्यावर राणीची प्रतिमा असली, तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर असते. राजाला सूर्य आणि राणीला चंद्र!

या अंतोनिनियानुसचे पुढे जे झाले, ती रोमन साम्राज्याच्या तिसऱ्या शतकाचीच कहाणी आहे. सीमेवर युद्धे पेटली, सैन्याचा पगार वाढला, सम्राटांचे खून पडू लागले आणि खजिन्यात चांदी उरली नाही. प्रत्येक नवा सम्राट नाण्यातील चांदी थोडी थोडी काढून घेऊ लागला. इ. स. २६० ते २६८ या काळात गाल्लियेनुस एकटा राज्य करीत होता, तेव्हा चांदीचे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली गेले. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन ती चांदीचे नाणे म्हणून चालवली जाऊ लागली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशीच ही स्थिती होती. म्हणून या काळातील नाणे हाती आल्यास ते चांदीचे म्हणावे की तांब्याचे, असा प्रश्न पडतो. कायद्याने ते चांदीचे होते. डोळ्यांना ते तांब्याचे दिसते. इ. स. २७४ मध्ये औरेलियन सम्राटाने सुधारणा केली आणि पुष्कळ नाण्यांच्या तळाशी रोमन अंकांत एकवीस हा आकडा घातला. वीस भाग तांबे आणि एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. सरकारला आपल्या नाण्यातील चांदीची हमी नाण्यावरच द्यावी लागली, यावरून लोकांचा विश्वास किती उडाला होता याची कल्पना येते.

मापानंतर लेखाकडे वळावे. रोमन नाण्यावरील लेख बहुधा डावीकडे खालून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे कडेकडेने फिरून उजवीकडे खाली संपतो. शब्दांमध्ये अंतर सोडलेले नसते, शब्द अर्धवट तोडलेले असतात, आणि 'यू' या स्वरासाठीही 'व्ही' हेच अक्षर वापरलेले असते. प्रथमदर्शनी तो अक्षरांचा नुसता गुंता वाटतो. परंतु हा गुंता दहापंधरा ठराविक शब्दांचाच असतो. 'आय एम पी' म्हणजे इम्पेरातोर, सेनापती किंवा सम्राट. 'सी' किंवा 'काएस' म्हणजे कैसर. 'ए व्ही जी' म्हणजे औगुस्तुस. 'पी एम' म्हणजे प्रधान धर्माधिकारी. 'कॉस' म्हणजे कॉन्सल. 'पी पी' म्हणजे राष्ट्रपिता. पहिल्या अडीच शतकांतील तांब्या-पितळेच्या नाण्यांवर मागील बाजूस 'एस सी' ही दोन मोठी अक्षरे बहुधा आढळतात. 'सेनेटच्या ठरावान्वये' हा त्यांचा अर्थ. ती दिसताच नाणे कोणत्या कालखंडातील, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

या पदव्यांचा खरा उपयोग कालनिर्णयासाठी होतो. 'टी आर पी' ही अक्षरे लोकाधिकाऱ्याच्या सत्तेची निदर्शक आहेत. ही सत्ता सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळत असे आणि तिच्यापुढे वर्षाचा आकडा घातला जाई. तो आकडा शाबूत असेल, तर अठराशे वर्षांपूर्वीच्या नाण्याचे नेमके वर्ष सांगता येते. आकडा पुसला गेला असला तरी विजयाच्या पदव्या असतात. त्राजन सम्राटाला इ. स. १०२ च्या अखेरीस 'दाकिकुस', म्हणजे दाकिया प्रांताचा विजेता, ही पदवी मिळाली आणि इ. स. ११६ मध्ये 'पार्थिकुस' ही मिळाली. ज्या नाण्यावर पहिली आहे पण दुसरी नाही, ते या चौदा वर्षांतील होय, असे निश्चितपणे म्हणता येते. महसूल दप्तरातील जुन्या कागदावर तारीख नसली, तरी खालच्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून जसा कागदाचा काळ ठरवता येतो, त्याच रीतीचे हे अनुमान आहे.

तथापि नावांच्या बाबतीत फार सावध राहावे लागते. 'मार्कुस औरेलियुस अंतोनिनुस' हे नाव तत्त्वज्ञ म्हणून विख्यात झालेल्या सम्राटाचे होते. तेच पुढे काराकाल्लाने धारण केले आणि त्यानंतर एलागाबालुसने. तीन माणसे, तीन स्वभाव, आणि नाण्यावर एकच नाव. येथे चेहरा निर्णय देतो. पहिल्या दोन शतकांतील ठसे कोरणारे कारागीर मोठे कुशल होते. नीरोची जाड मान, वेस्पासियनच्या कपाळावरील आठ्या आणि हेड्रियनची दाढी एकदा पाहिली म्हणजे विसरत नाही. चौथ्या शतकात मात्र ही व्यक्तिचित्रणाची कला मागे पडली. कॉन्स्टंटाइन आणि त्याचे पुत्र यांचे चेहरे नाण्यांवर जवळजवळ सारखेच दिसतात, आणि नावे तर कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटियुस आणि कॉन्स्टन्स अशी! लेखाचा उत्तरार्ध झिजला असेल आणि पहिली सहासात अक्षरेच उरली असतील, तर प्रामाणिक अभ्यासकाने 'कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातील नाणे' एवढेच लिहून थांबावे. जेवढे दिसते तेवढेच सांगणे, ही या शास्त्रातील पहिली शिस्त आहे.

नाण्याच्या छाप्याकडे पाहून झाल्यावर काट्याकडे वळावे. मागील बाजू ही त्या काळची सरकारी जाहिरातच होती. वृत्तपत्र नव्हते, नभोवाणी नव्हती. परंतु नाणे प्रत्येकाच्या हातात जात होते. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडले, आणि पुढच्याच वर्षी वेस्पासियनच्या सेस्टर्शियसवर खजुराच्या झाडाखाली शोक करीत बसलेली स्त्री दिसू लागली. लेख होता, 'यहुदिया जिंकली'. दोनशे साठ वर्षांनंतर कॉन्स्टंटाइनच्या छोट्या नाण्यांवर दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये दोन ध्वज आढळतात. लेख, 'सैन्याचा गौरव'. इ. स. ३३० ते ३३५ पर्यंत ध्वज दोन आहेत. त्यानंतर नाणे लहान झाले आणि ध्वज एकच राहिला. दोन ध्वज मावेनासे झाले, एवढे नाणे आक्रसले होते! तेव्हा नाव वाचता आले नाही, तरी केवळ ध्वज मोजून नाण्याचा काळ पाचसहा वर्षांच्या आत आणता येतो. इ. स. ३४८ च्या सुमारास 'सुखाच्या दिवसांचे पुनरागमन' असा लेख असलेली नाणी निघाली. त्यांतील सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात एक रोमन सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकताना दाखवला आहे. सुखाचे दिवस घोषणेत होते. चित्रात मात्र युद्धच होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण या उत्तरकालीन नाण्यांच्या लेखांना चपखल लागू पडते.

या नाण्यांना त्या काळी काय म्हणत असत, हे पुष्कळदा निश्चित नाही. इ. स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशियन सम्राटाने सुमारे दहा ग्रॅमचे एक देखणे नाणे काढले. अभ्यासक त्याला सोयीसाठी फोलिस म्हणत आले आहेत. पुढे त्याचे वजन इतके झपाट्याने घटत गेले, की नावे देण्याऐवजी केवळ रुंदीवरून वर्ग पाडण्याची पद्धत पडली. २५ मिलिमीटरहून मोठे ते पहिल्या वर्गाचे, २१ ते २५ पर्यंतचे दुसऱ्या, १७ ते २१ पर्यंतचे तिसऱ्या आणि त्याहून लहान ते चौथ्या वर्गाचे. चौथ्या वर्गाची नाणी हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडी मोठी, एवढीच असतात. ज्या राज्याने २५ ग्रॅमच्या सेस्टर्शियसने आरंभ केला, त्याचे चलन शेवटी चिमटीत धरावे लागले.

या छोट्या नाण्यांची एक मोठी सोय मात्र आहे. त्यांच्या मागील बाजूस, चित्राखालील आडव्या रेषेच्या तळाशी, टांकसाळीची खूण असते. 'एस आय एस' म्हणजे सिस्किया, 'टी आर' म्हणजे त्रिएर, 'ए एन टी' म्हणजे अंतिओक, 'ए एल ई' म्हणजे अलेक्झांड्रिया. प्रत्येक टांकसाळीत अनेक कार्यशाळा असत. त्यांचीही खूण असे. पश्चिमेकडे ती लॅटिन अक्षराने आणि पूर्वेकडे ग्रीक अक्षराने दिली जाई. नाणे हलके निघाले, तर कोणत्या कार्यशाळेला जाब विचारावयाचा हे त्यावरून कळावे, अशी ती योजना असावी. या खुणांतही फसगत होण्यासारख्या जागा आहेत. कॉन्स्टंटाइनच्या काळात दक्षिण गॉलमधील आर्ल या शहराला 'कॉन्स्टंटिना' असे नवे नाव देण्यात आले. त्यामुळे त्याची खूण आणि नव्या राजधानीची, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची, खूण जवळजवळ एक झाली. दोन शहरे साम्राज्याच्या दोन टोकांना! त्या काळच्या छोट्या तांब्याच्या नाण्यांत कार्यशाळेचे अक्षर खुणेच्या आधी असेल तर नाणे आर्लचे आणि नंतर असेल तर कॉन्स्टँटिनोपलचे, असा भेद करता येतो. एका अक्षराच्या जागेवरून दोन हजार किलोमीटरांचा फरक पडतो.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न : नाणे खरे की खोटे? खोटेपणाही दोन प्रकारचा आहे. एक त्या काळातलाच. सुटी नाणी अपुरी पडली, की ब्रिटन आणि गॉलमधील स्थानिक कारागीर सरकारी नाण्यांच्या ओबडधोबड नकला करीत. त्यांवरील अक्षरे नुसत्या रेघोट्या असतात आणि सम्राटाचे नाक भलतीकडेच असते. अशा नकला आज टाकाऊ मानल्या जात नाहीत. सरकारी चलनाचा पुरवठा कोठे आणि केव्हा आटला, हे त्याच सांगतात. दुसरा प्रकार पुढील काळातल्या नकलांचा. सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे जिओव्हान्नी दा काव्हिनो या कारागिराने रोमन सेस्टर्शियसच्या इतक्या उत्कृष्ट प्रतिकृती केल्या, की त्याच्या गावाचे नावच त्या प्रकाराला मिळाले. खरे नाणे दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याने ठोकून पाडलेले असते. साच्यात धातू ओतून केलेल्या नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि पुष्कळदा कडेवर दोन अर्धे जोडल्याची शीर असते. दोन नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा दिसला, तर एकावरून दुसरे ओतल्याचा किंवा दोन्ही एकाच नकली साच्यातून आल्याचा संशय घ्यावा. याउलट दोन नाणी एकाच ठशांची असून त्यांची झीज, चकतीचा आकार आणि ठोक्याची तिरीप वेगवेगळी असेल, तर तो खरेपणाचा पुरावा होऊ शकतो.

ही सारी परीक्षा ज्या पृष्ठभागावर करावयाची, तो मात्र एका दुपारच्या उत्साहाने नष्ट होऊ शकतो. घरातील तांब्या-पितळेची भांडी चिंच लावून घासण्याची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जुने हिरवे नाणे हाती लागले, की तोच हात आपोआप पुढे होतो. पण शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या नाण्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हा मळ नसतो. तेच आता नाण्याचे मुख असते. अक्षरांचे उरलेले उठाव पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. चिंचेच्या आंबटाने तो थर निघाला, की खाली उरते ती खरखरीत तांबडी चकती. ना नाव, ना चेहरा, ना टांकसाळ. मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसली तर ती वेगळी गोष्ट. तो धातूचा रोग होय. मातीतील क्षारांमुळे तो होतो आणि दमट हवेत वाढत जातो. असे नाणे कोरडे ठेवून जाणत्या रसायनज्ञाच्या स्वाधीन करावे.

रोमची ही तांब्याची नाणी भारतापर्यंतही आली. दक्षिणेत पहिल्या दोन शतकांतील रोमन सोने आणि चांदी पुष्कळ सापडली आहे. परंतु चौथ्या व पाचव्या शतकांतील छोटी तांब्याची नाणीही तामिळनाडूत मदुराई आणि करूर यांच्या परिसरात मिळालेली आहेत, आणि श्रीलंकेत तर ती विपुल आहेत. तेथे त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. वायव्येकडे कुषाण राजा कुजुल कडफिसेस याने आपल्या तांब्याच्या नाण्यांवर रोमन सम्राटाच्या धर्तीचे मस्तक कोरविले. महाराष्ट्रात तेर येथे रोमन नाण्यांच्या नमुन्यावर केलेल्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. नाण्याची किंमत ज्याला परवडत नव्हती, त्याने बहुधा त्याची शोभा तेवढी घेतली. नाण्यांच्या ठेव्याचे मोल किती असू शकते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. इ. स. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला जिंकले, हे त्या ठशांनी सांगितले. ती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, तर नुसती चांदी मिळाली असती आणि इतिहासाचे एक पान जळून गेले असते.

आता त्या दुसऱ्या दोमितियानुसकडे परत यावयास हरकत नाही. इ. स. २००३ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमधील चालग्रोव्ह या गावी, धातुशोधक यंत्र घेऊन शेतात हिंडणाऱ्या एका हौशी माणसाला मातीचे एक भांडे सापडले. त्यात तिसऱ्या शतकातील सुमारे पाच हजार तांबट नाणी एकमेकांना चिकटून बसली होती. ती त्याने फोडली नाहीत, घासली नाहीत की विकली नाहीत. देशाच्या कायद्याप्रमाणे त्याने ती जाहीर केली आणि भांडे ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले. तेथे तज्ज्ञांनी नाणी एकेक करून सोडविली आणि वर सांगितलेल्या क्रमानेच एकेक ओळखली. त्यांत एका नाण्यावर किरणमुकुट घातलेला दाढीवाला चेहरा होता आणि लेख होता : 'सम्राट कैसर दोमितियानुस, धर्मशील, भाग्यवान, औगुस्तुस'. मागील बाजूस एक देवता आणि 'सैनिकांचे ऐक्य' अशी अक्षरे होती. फ्रान्समधील नाण्याशी ताडून पाहता दोन्ही नाणी त्याच ठशांची निघाली. एक फ्रान्सच्या मातीतून आलेले, दुसरे समुद्रापलीकडे इंग्लंडमधील बंद भांड्यातून. मध्ये एका शतकाचे अंतर. बनावटीचा आरोप आता टिकणे शक्य नव्हते.

तेव्हा असे दिसून आले, की इ. स. २७१ च्या सुमारास गॉलमध्ये, रोमपासून फुटून निघालेल्या राज्यात, दोमितियानुस नावाच्या एका पुरुषाने खरोखरच राज्यपद घेतले होते. ते बहुधा काही दिवस किंवा काही आठवडे टिकले. ज्या सैनिकांच्या ऐक्याची त्याने नाण्यावर ग्वाही दिली, त्यांचे ऐक्य त्याला फार काळ लाभले नाही. त्याचा एकही पुतळा नाही की शिलालेख नाही. हलक्या धातूच्या दोन नाण्यांनी त्याचे नाव राखले. आणि त्यांतील पहिले नाणे शंभर वर्षे खरे बोलत असूनही खोटे ठरले होते, कारण त्याला दुसरा साक्षीदार नव्हता.

दुसरा साक्षीदार मिळाला तो एका माणसाच्या साध्या वर्तनामुळे. आपल्या देशातही इ. स. १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याने, दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळविण्याचे बंधन घातले, आणि इ. स. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगीरीत्या परदेशी नेण्यास मनाई केली. पुष्कळांना हे कायदे सरकारी लोभाचे वाटतात. नांगराच्या फाळाला लागलेले मडके दडवून ठेवण्याचा मोह त्यामुळेच होतो. नाणी रातोरात वाटली जातात, काही मुशीत जातात, काही घासूनपुसून शहरातील व्यापाऱ्याकडे येतात. व्यापाऱ्याच्या पेटीतील नाण्याचे नाव पुस्तके उघडून सांगता येते. परंतु ते कोणत्या शेतातून आले, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने होते, कोणत्या भांड्यात होते, हे मग कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. नाणे उरते, त्याची साक्ष जाते.

म्हणून नाणे ओळखण्याची पहिली पायरी अभ्यासकाच्या मेजावर नसते. ती नांगर थांबविणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात असते. पाया खणणारा गवंडी आणि विहीर उपसणारा मजूर यांच्याही हातात ती असते. सापडलेली जागा लक्षात ठेवावी, सर्व नाणी एकत्र राहू द्यावीत, त्यांना पाणी किंवा चिंच लावू नये, आणि तलाठ्याला अगर जवळच्या संग्रहालयाला वर्दी द्यावी. एवढे घडले, तर पुढचे काम करण्यास शास्त्र समर्थ आहे. न जाणो, त्या हिरव्या चकत्यांमध्ये आणखी एखादा राजा आपल्या दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत असेल.